रोपांची कोलमड : दोष बियाण्याचा की पाण्याचा?



उसाची लागण झाल्यापासून बिल हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. मधल्या काळात घरखर्चाला हात देतो तो सरीतला कांदा-कोबी, नाहीतर विहिरीजवळच्या तुकड्यातली मिरची, वांगी आणि भेदरं. पण या भाजीपाल्याचे नशीब शेतात नव्हे, रोपवाटिकेत ठरते.

तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरीकडची काळी जमीन पाणी धरून ठेवणारी. कपाशी-तुरीला हा गुण, पण कोवळ्या रोपाला तोच घातक. पावसाळी झडीत चार दिवस ऊन पडत नाही. मग रोप जमिनीलगत पाणचट होते, मानेत बारीक पडते आणि आडवे होते. दोन-तीन दिवसांत सारा वाफा बसतो. लोक म्हणतात, "बियानंच खोटं निघालं, बाप्पा!" आणि दुकानदाराशी भांडण सुरू होते.

आमचे म्हणणे असे की, आधी नीट पाहावे. बी उगवलेच नाही, तर ते खराब असू शकते. पण जमिनीतच सडलेलेही असू शकते. ते उकरून पाहावे. उगवून आलेले रोप मानेत मोडले, तर बहुधा तो बुरशीचा प्रताप. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरश्या मातीत असतातच. साचलेले पाणी, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा मिळाली की त्या जोर धरतात. संकरित टमाटरच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात. तेव्हा १० ग्रॅमचे पाकीट बसले म्हणजे किती रोपे गेली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

उपाय खर्चाचे नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या उन्हाचा फायदा घ्यावा. वाफ्याची जागा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे, कडा मातीने दाबाव्यात आणि ४ ते ६ आठवडे तसेच ठेवावे. आतल्या उष्णतेने बुरशी व तणाचे बी बरेच मरते. मग ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. बी फोकू नये. ८ ते १० सेंटिमीटरवर ओळी पाडून १ सेंटिमीटर खोल पेरावे. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा.

आपल्या कारखान्याचे प्रेसमड चांगले खत आहे. पण ताजे प्रेसमड तापते, ते रोपाला घालू नये. पूर्ण कुजलेले, गार झालेले असेल तरच वापरावे.

आता बरेच जण ओसरीत किंवा शेडनेटखाली ९८ खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून रोपे करतात. पद्धत चांगली, पण दोन चुका होतात. उगवण होईपर्यंत ट्रे एकावर एक रचून झाकतात, ते ठीक. मात्र कोंब दिसताच त्याच दिवशी ते सुटे करून उजेडात मांडले पाहिजेत. अंधारात रोप लांबट, लेचेपेचे होते व लवकर मोडते. दुसरी चूक म्हणजे संध्याकाळी पाणी देणे. रात्रभर पान व माती ओली राहते. पाणी सकाळी, बारीक झारीने द्यावे आणि कोकोपीट वरून सुकू लागल्यावरच द्यावे. मूठभर कोकोपीट पिळून पाहावे. पाणी ठिबकले तर त्या दिवशी झारी उचलू नये. वर नुसता पांढरा पापुद्रा दिसला तर घाबरू नये. ओल जास्त झाल्याची ती खूण. वरचा थर मोकळा करून हवा लागू द्यावी.

कोलमड सुरू झालीच, तर मेलेली रोपे भोवतालच्या मातीसकट काढून दूर टाकावीत आणि पाणी तोडावे. नंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात रोपांच्या मुळाशी ओतावे. डब्यावरील सूचना आधी वाचाव्यात. आडवे पडलेले रोप औषधाने उभे होत नाही. शेजारचे वाचवता येते, इतकेच.

लागवडीआधी आठवडाभर पाणी कमी करून रोप काटक करावे. टमाटर २५ ते ३० दिवसांत, मिरची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येते.

घरात झारी बहुधा माय-बहिणींच्या हाती असते. म्हणून हा लेख त्यांनाही वाचून दाखवावा, ही विनंती. रोप जगते ते औषधाच्या डब्यापेक्षा झारी धरणाऱ्या हाताच्या शहाणपणाने.