वायल्डरसाहेबांची फिर्याद

लाहोरास फोर्मन ख्रिश्चन कॉलेज आणि अलाहाबादेस यूइंग ख्रिश्चन कॉलेज चालविणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने करवीर इलाख्यात शाळा काढल्या, प्रार्थनामंदिरे बांधली, मिरजेस व कोडोलीस इस्पितळे उभारली; परंतु सत्ता कोठून येते, तिची मर्यादा कोणती आणि तिला जाब कोणी विचारावा, या प्रश्नांचा तरुणांना पद्धतशीर अभ्यास करता येईल असे महाविद्यालय मात्र कोल्हापुरात काढले नाही, ही गोष्ट राज्यशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. ख्रिस्ती संस्थेतच उच्च शिक्षण घ्यावयाचे तर येथल्या मुलाने मुंबईची वाट धरून चौपाटीवरचे विल्सन कॉलेज गाठावे, हा सरळ मार्ग होता. त्या स्कॉटिश संस्थेची परंपरा वाचकांस परिचित आहे. मोरारजी देसाई तेथले, आणि पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविणाऱ्या उषा मेहताही तेथल्याच. म्हणून तिचा विस्तार येथे करीत नाही. माझे कुतूहल निराळे आहे. जी संस्था ईश्वरी सत्तेला सर्वोच्च मानते, तिच्या छत्राखाली मानवी सत्तेची चिकित्सा मोकळेपणाने होऊ शकते काय? या प्रश्नाचा माग काढीत गेलो, आणि शेवटी कोल्हापूरच्याच एका मिशनऱ्याने लिहिलेल्या ग्रंथापाशी येऊन थांबलो.

हा ग्रंथ १८६१ साली न्यूयॉर्कात छापला गेला, आणि त्याचा कर्ता रॉयल गूल्ड वायल्डर. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात १८१६ साली जन्मलेला हा गृहस्थ मिडलबरी कॉलेज आणि अँडोव्हरची धर्मशिक्षणसंस्था येथे शिकून १८४६ मध्ये हिंदुस्थानास आला, अहमदनगरच्या मिशनमध्ये त्याने काही वर्षे काढली, आणि १८५२ च्या डिसेंबरात पत्नी एलायझासह कोल्हापुरात येऊन राहिला. त्याचे कार्य सांगणारे गौरवग्रंथ आहेत व ‘वायल्डर मेमोरियल चर्च’ हे नावही शहरात टिकून आहे. परंतु त्याने आपल्याच वरिष्ठांविरुद्ध जी जाहीर फिर्याद मांडली, तिची वार्ता कोल्हापुरात फारशी कोणाला नाही.

तंट्याचे मूळ असे. वायल्डरला पाठविणारे ‘अमेरिकन बोर्ड’ १८१० साली स्थापन झालेले, आणि त्याचा परराष्ट्र कारभार १८३२ पासून बोस्टनच्या कचेरीत बसून रूफस अँडरसन हा चिटणीस पाहत असे. १८५४ च्या अखेरीस अँडरसन आपला सहकारी थॉम्पसन यास घेऊन मुंबईस उतरला, अहमदनगरास मिशनऱ्यांची सभा भरली, आणि त्या डेप्युटेशनच्या निर्णयांनी इंग्रजी शाळा बंद झाल्या, ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी चालविलेल्या शाळांना उतरती कळा लागली, आणि शिक्षण जे काही द्यावयाचे ते ख्रिस्ती मंडळीच्या सेवेपुरते व देशी भाषेतून, असे धोरण ठरले. कालयोग असा, की त्याच वर्षीच्या जुलैत सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघून खासगी शाळांस सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा झाला होता. म्हणजे सरकार शाळांना हात देऊ लागले, त्याच सुमारास मिशनने आपला हात आखडता घेतला.

अँडरसनला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. परदेशी पैशावर व परदेशी माणसांवर जगणारी मंडळी कधीच प्रौढ होणार नाही, तिने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला विस्तार आपण करावा, हे त्याचे त्रिसूत्र होते. आणि इंग्रजी शिकलेला तरुण आपल्या लोकांपासून तुटतो, ही त्याची भीती पुढच्या पिढ्यांनी खोटी ठरविली असे कोण म्हणेल? स्वराज्याचे तत्त्व त्याने चर्चच्या क्षेत्रात इतक्या लवकर मांडले, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. तथापि स्वशासनाचे हे तत्त्व त्याने पाळावयास लावले ते समुद्रापलीकडून आलेल्या हुकमाच्या जोरावर. ज्यांच्या मुलांच्या शाळा मिटल्या त्या रयतेला त्यात मत नव्हते. तत्त्व आणि रीत यांचा हा विरोध वायल्डरने नेमका धरला.

प्रकृती ढासळल्यामुळे १८५७ मध्ये तो मायदेशी गेला. इकडे कोल्हापुरात त्याच वर्षी पलटण उठली, डिसेंबरात शहर पेटले आणि चिमासाहेब महाराजांच्या वाट्याला कराचीची हद्दपारी आली. तिकडे बोर्डाने कोल्हापूरचे ठाणेच आपल्या यादीतून वगळले व वायल्डरला पुन्हा पाठविण्याचे नाकारले. त्याचे उत्तर म्हणजे हा ग्रंथ. नाव हिंदुस्थानातील मिशन शाळांचे. पण त्याखालच्या उपशीर्षकात उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी, सँडविच बेटांतील लोक, तुर्कस्तानातील आर्मेनियन व इराणातील नेस्टोरियन यांच्यांतील मिशनकार्याच्या हकिकतीही घोषित केलेल्या. ही मांडणी मला फार बोलकी वाटते. एका संस्थानी शहरातील शाळांची कैफियत मांडताना वायल्डरने बोर्डाचा जगभरचा कारभारच पुराव्यास बोलाविला, आणि देणगीदार ख्रिस्ती जनतेसमोर, जणू खुल्या न्यायासनापुढे, तो ठेवला. आपले गाऱ्हाणे एका ठाण्यापुरते न ठेवता त्याने ते मंडळाच्या समग्र नीतीशी भिडविले, यातच त्याची राजकीय दृष्टी दिसते.

बोर्ड नमले नाही. वायल्डरही नमला नाही. १८६१ मध्येच तो मित्रांच्या वर्गणीवर, कोणत्याही मंडळाच्या सनदेविना, कोल्हापुरास परतला, आणि सुमारे दहा वर्षांनी त्याचे ठाणे प्रेस्बिटेरियन मंडळाच्या अमलाखाली गेले. या बदलाकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने जवळून पाहावे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचे सभासद आपले ‘वडील’ निवडतात. पाळक व वडील मिळून कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील प्रेस्बिटेरीत एकत्र बसतात. प्रत्येक ठरावाची नोंद इतिवृत्तात होते, आणि निर्णय मान्य नसेल त्याला वर सिनॉडपर्यंत दाद मागता येते. १८७० पासून १८९४ पर्यंत करवीरच्या गादीवर अल्पवयी वा आजारी छत्रपती, आणि कारभारावर पोलिटिकल एजंटाचा दाब, अशी संस्थानची स्थिती असताना, प्रतिनिधी निवडणे, बहुमत मानणे आणि अपील करणे यांचा धडा या लहानशा मंडळीत गिरविला जात होता. त्या काळी राज्यशास्त्राचा वर्ग नसेल. प्रात्यक्षिक मात्र होते.

वायल्डरने १८७५ मध्ये कोल्हापूर कायमचे सोडले आणि १८७८ मध्ये प्रिन्स्टनमध्ये ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढून मंडळांच्या कारभाराची झाडाझडती मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८७ पर्यंत, चालू ठेवली. कोल्हापुरात १८६३ साली जन्मलेला त्याचा मुलगा रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला व १८८६ मध्ये विद्यार्थ्यांच्या जगद्व्यापी मिशन चळवळीचा एक प्रवर्तक ठरला. 

कोल्हापुरात कॉलेज मिशनने का काढले नाही, याचे माझ्या मते एक उत्तर १८८० पासून येथे उच्च शिक्षणाची सोय करणाऱ्या राजाराम कॉलेजात आहे. तेथेही धर्मसंस्थेचा प्रश्न आलाच. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणाऱ्या शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये हे कॉलेज आर्य समाजाच्या स्वाधीन केले; १९२२ पासून प्राचार्यपदी असलेल्या डॉ. बाळकृष्णांनी डच व इंग्रजी दप्तरे धुंडाळून शिवचरित्राचे खंड सिद्ध केले. आणि याच कॉलेजातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन १९३८ साली यशवंतराव चव्हाण बी. ए. झाले. विशिष्ट धर्ममताच्या छत्राखाली शिकलेला विद्यार्थी त्या मताचाच होऊन बाहेर पडतो, या समजुतीला एवढे एक उदाहरणही पुरेसे उत्तर आहे.

मला यातून जे दिसते ते असे. धर्मसंस्थेच्या विद्यालयात राज्यशास्त्र शिकता येते. मात्र त्या संस्थेने स्वतःची सत्ताही अभ्यासविषय म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवली पाहिजे. सरकारची चिकित्सा करावयाची आणि विश्वस्तांच्या ठरावापाशी वही मिटावयाची, हे शिक्षण नव्हे. आणि हा नियम सरकारी विद्यापीठालाही तितकाच लागू आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर वुडचा खलिता, अँडरसनचे त्रिसूत्र, वायल्डरची फिर्याद आणि शाहू छत्रपतींचा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम हे चार कागद शेजारी शेजारी ठेवावेत, आणि शाळा कोणी काढावी, कोणी चालवावी व ती बंद करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न त्यांना सोडवावयास द्यावा. सार्वभौमत्वाचा सिद्धांत कोल्हापूरच्या मुलाला शिकविण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.