बारीक अक्षरांतला भरवसा

इस्त्री, गिझर किंवा पाणी तापवायची कांडी घेताना आपल्याकडची माणसे दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘‘आयएसआय आहे ना?’’ आयएसआय म्हणजे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन. ही संस्था जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी स्थापन झाली आणि १९८७ साली भारतीय मानक ब्यूरोने तिची जागा घेतली. संस्थेचे नाव गेले, छाप मात्र राहिली आणि छापेवरचा लोकांचा भरवसाही राहिला. गंमत अशी, की हीच माणसे मोबाइलचा चार्जर घेताना तो प्रश्न विसरतात. ‘‘फास्ट आहे का?’’ आणि ‘‘शेवटचे किती?’’ एवढे दोन प्रश्न झाले, की सौदा पुरा होतो.

विजेची उपकरणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे काढली. तिथे हजारो चार्जर फोडून पाहिले. त्यावरून सांगतो, की चार्जर ही इस्त्रीपेक्षा कमी जोखमीची वस्तू नव्हे. भिंतीतून येतात २३० व्होल्ट आणि साध्या चार्जरमधून मोबाइलकडे जातात अवघे ५. या दोहोंच्या मध्ये उभा असतो एक इवलासा ट्रान्स्फॉर्मर, त्याच्या तारांवरचे आवरण आणि थोडीशी मोकळी जागा. मुख्य विजेची बाजू आणि मोबाइलची बाजू यांच्यात पट्टीच्या पृष्ठभागावरून मोजले, तर साधारण ५ मिलिमीटर अंतर हवे. स्वस्त चार्जर स्वस्त होतो, तो बहुधा याच अंतरात आणि याच आवरणात काटकसर करून. बाहेरून काहीच कळत नाही. दिवा लागतो, मोबाइलही चार्ज होतो. मग एखाद्या दमट रात्री ते आवरण हार खाते आणि सगळे २३० व्होल्ट हातातल्या मोबाइलपर्यंत पोचतात.

प्रयोगशाळेत आम्ही हेच घडते का ते मुद्दाम पाहतो. दोन्ही बाजूंच्या मध्ये ३००० व्होल्टचा दाब मिनिटभर देतो. बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींना जोडून चार्जर किती तापतो, वितळतो की पेटतो, ते बघतो. घरात जो अपघात व्हायचा, तो आमच्या टेबलावर होऊन जावा, एवढाच या खटाटोपाचा अर्थ.

हा खटाटोप कायद्याने सक्तीचा झाला तो २०१२ च्या आदेशाने. सुरुवातीला त्यात लॅपटॉप, मोठे टीव्ही, मायक्रोवेव्ह, प्रिंटर अशा १५ प्रकारच्या वस्तू होत्या. २०१४ च्या नोव्हेंबरात मोबाइल, चार्जर, पॉवर बँक आणि एलईडी दिवे यादीत आले. वस्तू देशात बनलेली असो वा बाहेरून आलेली, ब्यूरोकडे नोंदणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही.

नियम असा सरळ असला, तरी तो माझ्या घरात आला तेव्हा सरळ राहिला नाही. माझा भाचा पुण्यात तपकीर गल्लीत मोबाइलच्या सामानाचे छोटेसे दुकान चालवतो. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात तो कागदांची चळत घेऊन आला. शेनझेनहून २००० चार्जर मागवायचे, त्यावर स्वतःचे नाव छापायचे आणि दिवाळीत विकायचे, असा बेत होता. त्यासाठी ताईने आपली मुदतठेव मोडली होती.

‘‘मामा, कागद सगळे आहेत. सीई आहे, शिवाय आपल्या ब्यूरोचा नंबरपण आहे. पाठवू ना पैसे?’’

मी कागद पाहिले. ‘‘अरे, सीई हा युरोपातल्या बाजारासाठीचा शिक्का. तो इथे चालत नाही. आणि हा नंबर खरा आहे, पण तो दुसऱ्याच कारखान्याचा. तुला माल देतोय तो कारखाना यात कुठेच नाही.’’

‘‘मग मी माझ्या नावाने नोंदणी करतो.’’

इथेच बहुतेक व्यापारी अडतात. नोंदणी व्यापाऱ्याला मिळत नाही. वस्तू ज्या कारखान्यात बनते, त्या कारखान्याला ती मिळते. कारखाना परदेशी असेल, तर त्याला भारतात एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. नमुना ब्यूरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत उतरला पाहिजे. वर छापायचे नावही नोंदणीत असावे लागते. नोंदणी नसलेला माल कस्टममध्ये अडतो. मग तो परत पाठवायचा, नाहीतर निकामी करून भंगारात काढायचा. हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हणजे एका कागदासाठी दिवाळी घालवू?’’

त्याचे दुःख मला कळत होते. चाचणीचा खर्च आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहणे मोठ्या कंपनीला जाणवत नाही, छोट्या दुकानदाराचा मात्र हंगाम जातो. आणि शेजारचा दुकानदार बिननंबरी माल निम्म्या भावात विकत असला, की नियम पाळणारा वेडा ठरतो. अखेर भाच्याने स्वतःच्या नावाचा हट्ट सोडला आणि नोंदणी असलेल्या एका कारखान्याचा माल त्याच कारखान्याच्या नावाने घेतला. नफा निम्म्यावर आला. ताई महिनाभर माझ्याशी तुटकच बोलत होती. पण तिची ठेव बंदरावर अडकली नाही आणि कुणाच्या घरी धोका पोचला नाही.

अर्थात ही छाप म्हणजे काही देवाचा अंगारा नव्हे. चार्जर वेगवान आहे की टिकाऊ आहे, हे ती सांगत नाही. सुरक्षिततेच्या कसोटीला नमुना उतरला, एवढेच सांगते. पुढे कारखान्याने हात आखडता घेतला, तर बाजारातून नमुने उचलून तपासणे हाच उपाय, आणि गल्लीबोळातल्या प्रत्येक दुकानापर्यंत कोणता तपासनीस पोचणार?

तिथे आपणच पोचतो. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत ब्यूरोची खूण, मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’पुढे आठ आकडे असतात. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये ते आकडे घातले, की कारखाना, वस्तू आणि नाव समोर येते. चार्जरवर दिव्याच्या कारखान्याचा नंबर निघाला, तर काय ते समजावे. अक्षरे फार बारीक असतात हे खरे. माझ्या वयाच्या माणसाला चष्मा शोधावा लागतो. पण घरातली मुले मोबाइल उशाशी घेऊन झोपतात, तेव्हा रात्रभर त्यांच्याजवळ तो चार्जरच जागा असतो. त्यासाठी दुकानात दोन मिनिटे जास्त उभे राहायला हरकत नसावी.