गरम पाण्यासाठी सौर बंब की हीट पंप?

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी हिवाळ्यात खानावळ, लॉज, केशकर्तनालय किंवा वजूखान्याला पहाटेच गरम पाणी लागते. गीझरचे बिल परवडत नाही. मग सौर बंब घ्यावा की हीट पंप? व्यापारी बांधवांनी आधी हिशेब मांडावा.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास गीझरला सुमारे ५ युनिट वीज लागते. फ्रिज जशी आतील उष्णता बाहेर टाकतो, तसा हीट पंप हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. म्हणून तेच काम दीड ते दोन युनिटांत होते. सौर बंबाला उन्हाच्या दिवशी वीज लागतच नाही. दिवसा तापलेले पाणी त्याच्या बंदिस्त टाकीत पहाटेपर्यंत गरम राहते.

मात्र सौर बंबासाठी छतावर सावली नसलेली, दक्षिणेकडे उघडी जागा हवी. पावसाळ्यात जोडीला विजेचा हीटर लागतो. बोअरचे पाणी जड असल्यास क्षार साचतो. वेळोवेळी सफाई करावी लागते. हीट पंप ढगाळ हवेतही चालतो, पण वीज गेली की थांबतो. शिवाय त्याच्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती करणारा कारागीर जवळपास आहे का, हे आधीच पाहावे.

सारांश, पहाटे एकदाच पाणी लागत असेल आणि छत मोकळे असेल तर सौर बंब बरा. दिवसभर, बारमाही पाणी लागणाऱ्या लॉजला हीट पंप सोयीचा. खरेदीपूर्वी आठवडाभर रोजच्या बादल्या मोजाव्यात आणि वाचणारे युनिट दुकानाच्या मीटरच्या दराने गुणावेत. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हा आकडा भरवशाचा.