साक्षीदार नसलेले कोर्ट

विधी महाविद्यालयाचा वार्षिक अंक उघडला की पाहुण्या न्यायमूर्तींची व्याख्याने, परिसंवाद, कायदे साक्षरता शिबिरे दोन-दोन ओळींत उरकलेली दिसतात आणि मूट कोर्टाच्या करंडकाला मात्र अख्खे पान मिळते. ते मिळायलाच हवे, कारण मूट हा बुद्धीचा कस पाहणारा फार देखणा खेळ आहे. साधारण तिघांचा संघ असतो. दोघे युक्तिवाद करतात, तिसरा रिसर्चर. हाती पडते एका काल्पनिक खटल्याचे प्रपोझिशन. त्यावरून दोन्ही बाजूंची लेखी निवेदने, म्हणजे मेमोरियल, तयार करायची. वादीच्या मेमोरियलचे मुखपृष्ठ बहुधा निळे, प्रतिवादीचे लाल. त्यावर कॉलेजचे नाव नसते, फक्त संघाचा सांकेतिक क्रमांक असतो. सकाळी ज्या बाजूने तावातावाने बोललो, तिच्याच विरुद्ध दुपारी तितक्याच तावातावाने बोलायचे. परीक्षक वाक्य अर्ध्यावर तोडून भलताच निवाडा पुढे करतात, तेव्हा 'मच ऑब्लाइज्ड' म्हणत पुन्हा आपल्या मुद्द्यावर यायचे. (हे 'मच ऑब्लाइज्ड' खऱ्या कोर्टात इतक्या वेळा ऐकू येत नाही, पण स्पर्धेत त्याशिवाय चालत नाही.)

या खेळाची पंढरी म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यावरची जेसप स्पर्धा. पहिली फेरी १९६० मध्ये हार्वर्डला झाली. क्यूबातील जमीन सुधारणांवरचा तो पहिला प्रश्न स्टीफन श्वेबेल यांनी रचला होता. हेच श्वेबेल पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले, आणि स्पर्धेतले काल्पनिक देश आपला तंटा नेतात ते याच न्यायालयापुढे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने हा करंडक १९९९ आणि २०१३ असा दोनदा जिंकला. जेसपच्या प्रश्नाला 'कॉम्प्रोमी' म्हणतात. ते दोन्ही देशांनी मिळून न्यायालयापुढे ठेवलेले सहमतीपत्र असते: सीमेवर काय घडले, कोणता करार कधी झाला, सैन्य कोणत्या तारखेला हलले, हे सारे परिच्छेदवार क्रमांक देऊन लिहिलेले आणि दोघांनाही मान्य. भांडण उरते ते फक्त कायद्याचे. आपल्याकडच्या बहुतेक मूट स्पर्धाही याच साच्यातल्या आहेत, आणि नेमकी इथेच गोम आहे. काय घडले, हे आयते मिळते. खऱ्या खटल्यात निम्म्याहून अधिक जीव जातो तो तेवढे ठरवण्यातच.

आपल्या तालुका किंवा जिल्हा न्यायालयातले नेहमीचे काम पाहावे. निशाणी ५ चा मनाईचा अर्ज असो की जप्तीचा पंचनामा, वाद मुळात 'घडले की नाही' याचा असतो. पंच सरतपासात सांगतो की, चाकू आपल्यासमक्ष जप्त झाला. उलटतपासाला उभ्या राहिलेल्या वकिलाने त्याला थेट खोटे ठरवायला जाऊ नये. पंचनामा कोणाच्या हस्ताक्षरात आहे, सही कुठे बसून केली, मजकूर वाचून दाखवला होता का, एवढेच विचारावे. मग जबाबात नोंद होते, 'हे खरे आहे की, पंचनाम्यावर मी पोलीस ठाण्यात सही केली.' आणि बहुधा शेवटी ते ठरलेले वाक्य येते: 'हे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' शेवटच्या वाक्याने काही बिघडत नाही. आधीच्या वाक्यावर मात्र जप्ती डळमळू शकते, आणि आरोपी सुटूही शकतो. ही नोंद मराठीत होते, कारण महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरलेली आहे. निळ्या-लाल मुखपृष्ठांच्या जगात या कौशल्याला जागाच नाही. तिथे साक्षीदारही नाही आणि मराठीही नाही.

    

यावर पहिला आक्षेप असा की, हुशार विद्यार्थी उच्च न्यायालयात जाणार, तिथे संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी, मग उलटतपास हवा कशाला? हा आक्षेप अपिलाच्या स्वरूपाकडे डोळेझाक करतो. अपील चालते ते खालच्या कोर्टात नोंदल्या गेलेल्या पुराव्यावर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ मध्ये अपिलात नवा पुरावा देण्याची वाट आहे, पण ती फार अरुंद; आणि कलम १०० खालच्या दुसऱ्या अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय प्रवेशच नाही. तालुक्यात न विचारलेला प्रश्न मुंबईत विचारता येत नाही. ज्याला मराठी जबाब वाचून त्यातली फट सापडत नाही, त्याचे अस्खलित इंग्रजी अपिलात अर्धेच उपयोगी पडते. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: मुटात चमकलेल्यांना मोठ्या लॉ फर्म उचलतात, त्यांना कोर्टाची पायरी कशाला चढायची? हे खरे आहे. व्हिएन्नाच्या व्हिस मूटचेच पाहा. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या करारावर तिथे लवादाचे युक्तिवाद होतात. भारत त्या करारात सामीलही नाही, तरी आपले संघ हौसेने जातात आणि बरेच शिकून येतात. हरकत काहीच नाही. फक्त मग मूट म्हणजे वकिलीची रंगीत तालीम, असे सांगू नये. ती वकिलीच्या एका शाखेची तालीम आहे, आणि त्या शाखेवर बसणारे थोडे.

साक्षीदार उभे केले तर स्पर्धा समान राहणार नाही, हा तिसरा आक्षेप. अमेरिकेतल्या मॉक ट्रायल स्पर्धांनी तो केव्हाच सोडवला आहे. प्रत्येक साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र सर्व संघांना एकच मिळते आणि साक्षीदाराला त्याबाहेर जाऊन मनचे रचता येत नाही. आपल्याकडेही ट्रायल ॲडव्होकसीच्या स्पर्धा होतात, पण त्या थोड्या आणि मुख्यतः इंग्रजीत. नियमांची आडकाठी म्हणावी, तर तीही नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूट, प्रत्यक्ष खटल्यांचे निरीक्षण आणि पक्षकाराच्या मुलाखतीची तयारी यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. कागदावर तिन्ही सारखे. करंडक फक्त पहिल्याचा. निरीक्षणाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात, हे गुपित राहिलेले नाही.

महाराष्ट्राला तर हे जड जायचे कारणच नाही. एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना दर वर्षी रंगमंचावर उभे करतो आहे. १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये तेंडुलकरांनी मांडले ते अभिरूप न्यायालयच. तिथे कायद्याचा काथ्याकूट जवळजवळ नाही. पिंजरा आहे, शपथ आहे, साक्षीदार आहेत, आणि सुसंस्कृत माणसे प्रश्न विचारता विचारता किती क्रूर होतात तेही आहे. मराठी प्रेक्षकाला अभिरूप न्यायालय ठाऊक झाले ते असे, पिंजऱ्यासकट. विधी महाविद्यालयाने शेजारच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाकडून साक्षीदार मागून घ्यावेत, तालुका वकील संघातल्या दोन जुन्या फौजदारी वकिलांना परीक्षक म्हणून बसवावे, आणि पाहुण्यांच्या व्याख्यानाऐवजी त्यांच्याकडून तासभर उलटतपास करवून घ्यावा. गुणांची वाटणीही मुटापेक्षा वेगळी लागेल. आवाज, इंग्रजी, निवाड्यांची यादी यांना कमी गुण. साक्षीदाराच्या पोलिसांपुढच्या आणि कोर्टातल्या जबाबातली विसंगती नेमकी नोंदवून घेण्याला जास्त. आणि हवे ते उत्तर मिळाल्यावरही न थांबता आणखी एक प्रश्न विचारून साक्षीदाराला सावरायची संधी देईल, त्याचे गुण कापावेत.