गाडीचा रंग आणि कावेरीचे पाणी

चामराजपेटच्या एखाद्या गल्लीत सकाळी सहज फेरफटका मारावा. घराघरातून कॉफीचा दरवळ येत असतो, कोणी अंगणात सडा घालीत असते, आणि दारापुढे उभ्या असलेल्या मोटारीवरून कोणी तरी कोरडे फडके फिरवीत असते. या वसाहतीची आखणी १८९२ साली झाली आणि मैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती ओळखली गेली. सरळ रस्ते आणि त्यांना छेदणारे आडरस्ते त्या वेळी नीट आखले गेले. परंतु मोटार ठेवण्यास जागा योजण्याचे तेव्हा कारणच नव्हते. म्हणून येथील जुन्या घरांच्या गाड्या आजही बहुधा रस्त्यावरच उभ्या राहतात आणि रात्रभर धूळ अंगावर घेतात. ती धूळ सकाळी झटकणे हे कर्तव्यच, असे आपल्याला वाटते. वाचकहो, गाडीच्या रंगाचे सर्वांत अधिक नुकसान नेमके याच कर्तव्यदक्षतेने होते!

रंगाचा शत्रू कोण?

मोटारीच्या पत्र्यावरील रंगाचे सारे थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात चकाकी देणारा सर्वांत वरचा पारदर्शक थर अवघा चाळीसएक मायक्रॉनचा; म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. उलटपक्षी रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतील गारेचा कण काचेवरही ओरखडा उठविण्याइतका कठीण असतो. कोरडे फडके या कणांना उचलीत नाही. ते त्यांना दाबून फरफटत नेते. वर्षभरात उन्हात पाहावे, तो टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटलेल्या दिसतात. पिसांच्या झाडणीनेही तेच घडते. तेव्हा पहिला नियम हा की, धुळीला आधी भिजवावे, मग हात लावावा.

दोन बादल्यांची रीत

गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग धरतो. चाके प्रथम धुवावीत. त्यांच्यासाठी फडके निराळे ठेवावे, कारण ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा कीस तेथे साचलेला असतो. त्यानंतर झारीने वरून खाली पाणी सोडून सुटी माती वाहू द्यावी.

आता दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू कालवावा. दुसरीत नुसते पाणी. भांड्यांचा साबण वापरू नये; तो रंगावरील मेणाचा संरक्षक लेप काढून टाकतो. मायक्रोफायबरचे मऊ फडके साबणाच्या बादलीत बुडवून आधी टप, मग काचा व बॉनेट, मग दारे आणि शेवटी खालचा भाग असा क्रम ठेवावा. हात सरळ रेषेत, हलकेच फिरवावा. गोल गोल चोळू नये. प्रत्येक भाग झाला की फडके साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात बुडवावे. फडके जमिनीवर पडले, तर त्या दिवशी ते रंगाला लावू नये. शेवटी स्वच्छ पाणी घालून मऊ पंचाने टिपून घ्यावे. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवले की ती आपसूक सुटते.

पाण्याचा हिशेब

येथवर रंगाचा विचार झाला. परंतु पाण्याचा विचार त्याहून मोठा आहे. चामराजेंद्रांच्याच नावाने हेसरघट्ट्याचे पाणी शहरास मिळू लागले, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण आले, १९७४ मध्ये कावेरी आली. हे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, तेव्हा मार्च महिन्यात पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई केली आणि ५,००० रुपये दंड ठरविला. त्याच महिन्यात २२ कुटुंबांना तो भरावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही मनाई पुन्हा जाहीर झाली.

नळी मिनिटाला दहा लिटर पाणी सोडत असेल, तर दहा मिनिटांत १०० लिटर वाहून जाते. वर सांगितलेल्या रीतीने तीनचार बादल्यांत काम भागते. त्याहूनही काटकसर हवी असेल, तर खळबळून धुण्याची गरज नसलेले द्रावण मिळते. ते कण ओले व निसरडे करते आणि एका बादलीत हलक्या मळाची गाडी स्वच्छ होते. चिखलाच्या गाडीला मात्र हा उपाय चालत नाही.

मग पाणी कोणते वापरावे? पावसाचे! बंगळुरात वर्षाला सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर हिशेबाने ९७,००० लिटर पाणी उतरते. त्यातील थोडेसेच एखाद्या पिंपात साठविले तरी पुष्कळ झाले. हे पाणी मृदू असते. विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याप्रमाणे वाळल्यावर पांढरे ठिपके ठेवीत नाही. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे फडक्यातून गाळून घ्यावे. अन्यथा गच्चीवरची वाळूच गाडीवर यावयाची.

आपण पुण्यात असा, बेळगावात असा वा इंदुरात, हा हिशेब थोड्याफार फरकाने आपल्याही घरचाच आहे. पुढच्या रविवारी हे काम मुलांना बरोबर घेऊन करावे. काम संपल्यावर साध्या पाण्याची बादली हलकेच कलती करून तळाशी बसलेली वाळू त्यांना दाखवावी. दोन बादल्या कशासाठी, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. आणि वरचे गढूळ पाणी गटारात न ओतता, चाकांवरचा चिखल पुढच्या खेपेस काढण्यासाठी बाजूला ठेवावयास ती आपणहून शिकतील.