जानुशूल : नाव एक, व्याधी अनेक

‘डॉक्टर, गुडघे गेले’ असे म्हणत आत येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बाळकुमसारख्या ठिकाणी तो दोन वाटांनी येतो. खाडीकाठच्या जुन्या कोळी-आगरी वस्तीतील स्त्रिया जमिनीवर बसून मासळी कापण्यात व निवडण्यात आयुष्य घालवतात. उकिडवे बसणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे. दुसरीकडे नव्या उंच इमारतींतील मंडळी दिवसभर खुर्चीत बसतात, सकाळ-संध्याकाळ ठाणे स्थानकाचे जिने चढतात-उतरतात आणि चाळिशीनंतर वजन वाढवून बसतात. दोघांचीही तक्रार एकच असते. औषधाच्या दुकानात तर ती याहून थोडक्यात सांगितली जाते : ‘गुडघ्यासाठी काहीतरी द्या.’ मग एक तेलाची बाटली आणि एक गुग्गुळकल्प हातात पडतो. काहींना त्याने बरे वाटते, काहींची सूज मात्र त्याच तेलाने वाढते. या फरकाचे कारण निदानात आहे, तेलाच्या गुणवत्तेत नाही.

या तक्रारीची व्याप्ती किती आहे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा अस्थींच्या वेदना होत्या. सांध्याची झीज हे त्यातील एक कारण होते, एकमेव नव्हे. हीच गोष्ट आपण गुडघ्याच्या बाबतीत विसरतो.

ग्रंथकारांनी ती विसरलेली नाही. चरकाचार्यांनी वातव्याधी अध्यायात सांगितलेल्या संधिगत वातात वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा शोथ आणि आकुंचन-प्रसारणात वेदना आढळते. वातरक्ताचा आरंभ बहुधा पावलातून होतो. आमवातात जडता, ज्वर, अरुची व अंगमर्द यांची सोबत असते. क्रोष्टुकशीर्षात गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा सुजतो व तेथे वाताबरोबर रक्ताचाही संबंध असतो. चारही ठिकाणी रुग्ण ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगणार; पुढचे प्रश्न आपणच विचारावयाचे आहेत.

प्रश्न फार नाहीत. सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडलेला असतो? झिजेच्या गुडघ्यात ही जडता बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तासभर वा अधिक राहिली आणि हातांची बोटेही सुजली असतील, तर आमाचा विचार आधी करावा व रक्ततपासणी करून घ्यावी. भूक कशी आहे, जिव्हा साम आहे का? तेल लावल्यावर आराम पडतो की जडपणा वाढतो? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण उपशय-अनुपशयाची ही परीक्षा रुग्णाने घरी आधीच केलेली असते. साम अवस्थेत स्नेहन टाळून वालुकापोट्टलीने रूक्ष स्वेद, लंघन व दीपन-पाचन हाच मार्ग होय. निराम संधिगत वातात मात्र स्नेहनावाचून गत्यंतर नाही.

काही गुडघ्यांना हात लावण्यापूर्वीच थांबावे. एकच गुडघा अचानक लाल, तप्त व सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर तो सांध्यातील पूयाचा संशय समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा. महिनोन्‌महिने एकच गुडघा सुजलेला, वजन घटलेले व सायंकाळी ज्वर असेल, तर क्षयाची तपासणी हवी. पोटरी सुजून ताठर झाली असेल, तर मर्दन निषिद्ध, कारण आतील शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. वृद्धाचा गुडघा तपासण्यात निर्दोष वाटला, तर खुब्याचा सांधा फिरवून पाहावा. खुब्याची वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते.

आता एका अप्रिय विषयाकडे. नाव-पत्त्यावाचून कागदाच्या पुड्यांतून मिळणारी ‘सांधेदुखीची जडीबुटी’ आपल्या भागातील अनेक घरांत आहे. अनेक महिन्यांची वेदना दोन दिवसांत नाहीशी करणाऱ्या पुडीत काय असते, हे देशात ठिकठिकाणी झालेल्या तपासण्यांतून उघड झाले आहे : स्टेरॉइड वा आधुनिक वेदनाशामक. असा रुग्ण आपल्याकडे येतो तो गोल झालेला चेहरा, पातळ त्वचेवरील निळे डाग आणि वाढलेली रक्तशर्करा घेऊन. त्या वेळी ‘ते फेकून द्या’ असे संतापाने सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास उलट्या, कमालीचा थकवा व रक्तदाब कोसळणे असे प्राणघातक परिणाम होऊ शकतात. पुडी जपून ठेवावयास सांगावी, रुग्णास त्वरित आधुनिक वैद्यकाच्या तज्ज्ञाकडे पाठवावे आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखालीच उतरवावी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. म्हणूनच उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व तारीख नसलेला माल दुकानात न ठेवण्याचा निर्बंध दुकानदारांनी स्वतःवर घालावा. या पुड्यांची अपकीर्ती शेवटी आपल्याच शास्त्राच्या माथी येते.

निराम जानुसंधिगत वाताच्या चिकित्सेविषयी वैद्यमित्रांना नव्याने काय सांगावे? सुश्रुताचार्यांनी स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व मर्दन सांगितले आहे. उडदाच्या पिठाची पाळ करून केलेली जानुबस्ती आता सर्वत्र होते. मात्राबस्तीचा उपयोग मात्र त्या मानाने कमी होतो, हे माझ्या मते योग्य नव्हे. वाताचे मूळ पक्वाशय असताना केवळ गुडघ्यावर तेल साचवून किती साधणार?

स्थूल रुग्णात ‘लंघनाने वात वाढेल’ या भीतीने वजनाचा प्रश्न टाळला जातो. वस्तुतः स्थौल्यात मेदाने मार्ग रोधून वात आधीच कुपित असतो आणि चरकांनी तेथे गुरु व अपतर्पण आहार सांगितला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीराचे वजन एक किलोने उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे आढळले. याच्या जोडीला मांडीच्या पुढील स्नायूंचा व्यायाम हवा : पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती खाली दाबून पाच-सात अंक मोजावेत, मग सैल सोडावे. मासळी विकणाऱ्या मावशींना ‘बसू नका’ हा सल्ला व्यर्थ होय. ‘उंच स्टुलावर बसा व विळी टेबलावर घ्या’ हा त्या मानतात.

डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांचाच आणखी एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुंठ, गुळवेल, आवळा व सालई गुग्गुळ यांच्या कल्पांची ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिबशी तुलना करण्यात आली. ४४० रुग्ण व २४ आठवड्यांच्या या चाचणीत आपले कल्प तुल्यबळ ठरले. परंतु काही रुग्णांत लक्षणांवाचून एसजीपीटी वाढल्याचीही नोंद झाली. यशाचा उल्लेख करताना ही नोंद गाळू नये, आणि दीर्घकाळ औषध देताना यकृताची तपासणी करावी.

गुग्गुळाविषयी दुकानदारांसाठी थोडे. योगराज व महायोगराज हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. शार्ङ्गधरोक्त महायोगराजात नाग, वंग व रससिंदूरासह अनेक धातुकल्प असतात, तो वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. सिंहनाद आमवातासाठी, कैशोर वातरक्तासाठी. ‘एक संपला, दुसरा घ्या’ असे होऊ नये. खरा गुग्गुळ दुर्मीळ होत चालला आहे, त्याचे झुडूप आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले आहे आणि बाजारात अन्य डिंकांची भेसळ चालते. तेव्हा स्वस्त मालाविषयी शंका घ्यावी. गिऱ्हाईक रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर कोणती हे विचारावे. गुग्गुळाच्या अर्कामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ मध्येच भारतीय संशोधकांनी दाखविले आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असल्यास, आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव चिठ्ठीवर लिहून ती शल्यचिकित्सकास दाखवावयास सांगावी.