घरी जुळविलेल्या संगणकाचा शीतक आणि पंखा

आपल्या न्यासाच्या कुटुंबांतील अनेक मुले-मुली आता सुटे भाग आणून संगणक घरीच जुळवितात. पैसा बहुधा वडिलांच्या बोनसमधला, थोडा आजीच्या ठेवीतला. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड यांची निवड आठवडेच्या आठवडे चालते. प्रोसेसरवर बसणारा शीतक मात्र शेवटी उरलेल्या रकमेत, किंवा त्यावरील रंगीत दिवे पाहून घेतला जातो. त्याचे फळ एप्रिल-मे महिन्यांत मिळते, म्हणजे नेमके परीक्षेच्या आणि प्रकल्प सादर करण्याच्या दिवसांत. यंत्र बंद पडत नाही. ते निमूटपणे मंद होते, आणि घरचे समजतात की प्रोसेसरच वाईट निघाला. सबब या दुर्लक्षित भागाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

बाजारात यालाही 'कूलर' म्हणतात, आणि तेथूनच गैरसमजास सुरुवात होते. आपल्या घरातील पाण्याचा कूलर पाण्याची वाफ करून हवा खरोखरीच गार करतो. प्रोसेसरचा शीतक तसे काही करीत नाही. तो उष्णता एका जागेवरून उचलून खोलीतील हवेच्या स्वाधीन करतो, एवढेच. म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीही होणार नाही. खोली किती तापली आहे आणि त्यावर प्रोसेसर किती अंश चढतो, यांची बेरीज म्हणजे त्याचे तापमान. समजा, एखादा शीतक दर वॅटमागे अर्धा अंश चढू देतो आणि प्रोसेसर ८८ वॅट घेत आहे, तर चढ ४४ अंशांचा. डिसेंबरच्या सकाळी खोलीत २० अंश असतील, तर बेरीज ६४. एप्रिलमध्ये हुबळीचा पारा ३७-३८ वर जातो. पेटीच्या आतली हवा त्याहून चार-पाच अंश अधिक धरा, म्हणजे बेरीज ८५ च्या वर गेली. परदेशातील परीक्षणे बहुधा विशीच्या आसपासच्या गार खोलीत केलेली असतात. त्यांतील आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पत्र्याच्या छपराखालील माडीवर यंत्र ठेवणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर '६५ वॅट' छापलेले असते, पण तो आकडा वरची मर्यादा नव्हे. इंटेलच्या कोअर आय-५ १२४०० वर ६५ लिहिले आहे. जोर लावल्यास तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. एएमडीचे ६५ वॅटचे रायझन साधारण ८८ पर्यंत आणि १०५ वॅटचे १४२ पर्यंत घेतात. शीतक या मोठ्या आकड्यास पुरेल असा पाहावा. रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरच्या किरकोळ विक्रीच्या खोक्यात शीतक मिळतो. ७६००एक्स बरोबर मिळत नाही, इंटेलच्या 'के' जातीच्या नव्या प्रोसेसरांबरोबरही नाही. लेखन, हिशेब, शाळेचा अभ्यास एवढेच काम असेल तर खोक्यातला शीतक पुरतो, आणि वाचलेले पैसे मेमरीत घालावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. तासन्तास चित्रफीत संपादन किंवा मोठी आकडेमोड चालणार असेल, तर मात्र १२० मिलिमीटर पंख्याचा, चार उष्णतानळ्यांचा उभा शीतक घ्यावा.

या उष्णतानळीची युक्ती गृहिणींस सहज कळेल. मोदकपात्रात तळाचे पाणी वाफ होऊन वर जाते, झाकणाला लागून थेंब होते आणि खाली येते. तांब्याच्या बंद नळीत तेच घडते: प्रोसेसरकडील टोकाशी पाण्याची वाफ होते, ती पत्र्याच्या पात्यांकडे जाऊन उष्णता सोडते, आणि पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. घन तांब्याच्या दांड्यापेक्षा ही नळी उष्णता कितीतरी पटींनी लवकर वाहून नेते.

पंखा मोठा घ्यावा. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही ८० मिलिमीटरच्या वेगवान पंख्याइतकी हवा देतो, आणि रात्री अभ्यास चालू असता आजोबांची झोप मोडत नाही. जोडणीत चार पिना असाव्यात, म्हणजे उष्णतेप्रमाणे वेग कमीजास्त होतो.

पाण्याच्या नळ्यांचे शीतक सध्या मुलांच्या फार मनात भरले आहेत. पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म' या महासंगणकास द्रवाने थंड करतात, ते योग्यच आहे. घरी मात्र पंप हा आणखी एक बिघडणारा भाग होतो. पंखा बिघडला तर थोडक्या पैशांत दुसरा येतो, पंप गेला तर सगळे साधनच बदलावे लागते. दिव्यांची रोषणाई गणपतीच्या आरासीत शोभते.

विकत घेण्यापूर्वी फूटपट्टी काढावी. उभे शीतक १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. पेटीचे झाकण लागले नाही तर दुकानदार परत घेईलच असे नाही. मामेभावाचा जुना शीतक फुकट मिळत असेल तर बैठकही पाहावी. इंटेलच्या १२०० पिनांच्या बैठकीत भोकांमधील अंतर ७५ मिलिमीटर, १७०० पिनांच्या बैठकीत ७८. तीन मिलिमीटरांनी काम अडते. एएमडीच्या एएम-४ चे बहुतेक शीतक एएम-५ वर बसतात.

बसविताना तळाचा पारदर्शक कागद काढण्याचे विसरू नये; तो तसाच राहिल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढा पुरे, धारवाडी पेढ्याएवढा नको. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत.

आता धूळ. हुबळीच्या पूर्वेची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते; धारवाडच्या पावसाळी दमटपणात तीच पात्यांत चिकटून बसते, आणि कापसाचे तंतू तिला घट्ट धरून ठेवतात. महागातला महाग शीतक या थराखाली निरुपयोगी होतो. पेटीच्या पुढच्या बाजूस जाळी असावी आणि यंत्र जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा टेबलावर ठेवावे. गुढीपाडव्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, वीज तोडून, यंत्र गॅलरीत न्यावे आणि हवेच्या झोताने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने ते भरमसाट फिरून आतील टेकू झिजतो. तीन-चार वर्षांनी जुना लेप पुसून नवा लावावा.

तापमान दाखविणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. एप्रिलच्या दुपारी यंत्रास अर्धा तास भारी काम देऊन आकडा पाहावा. ८५ च्या आत असेल तर निर्धास्त राहावे. नव्या रायझनची मर्यादा ९५ आणि इंटेलची साधारण १०० अंशांची. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःच वेग उतरवितो. आकडा त्या बाजूस झुकत असेल तर आधी धूळ, मग लेप, मग पेटीतील हवेची वाट पाहावी, आणि त्यानंतरच नव्या शीतकासाठी खिशात हात घालावा.